समोरचा पॅकच होत नाही

दिवाळीत तीन पत्तीवर तयार झालेला खेळाडू पोकरच्या टेबलावर लगेच ओळखू येतो. पत्ते कसेही असोत, तो चाल वाढवत राहतो. तीन पत्तीत हे चालूनही जातं. दोघेच उरेपर्यंत शो मागता येत नाही, प्रत्येक फेरीला पुन्हा पैसे टाकावे लागतात, आणि कोणी ब्लाइंड बसलेला असेल तर पत्ते पाहिलेल्याला त्याच्या दुप्पट मोजावे लागतात. टिकून राहणं महाग पडतं, म्हणून मध्यम पत्ते घेऊन बसलेला कंटाळून पॅक होतो.

पोकरमध्ये एक कॉल केला, म्हणजे समोरच्याने लावली तेवढीच रक्कम भरली, की ती फेरी मिटली, वर टेबलावर एक नवा पत्ता उघडतो. ज्याला उत्सुकता आहे त्याच्यासाठी कॉल म्हणजे स्वस्तातलं तिकीट. आणि छोट्या टेबलांवर उत्सुक माणसांचीच गर्दी असते. फलाटावर गाडी थांबायच्या आत चढणारी आपली माणसं, त्यांना ‘मागे सरका’ म्हणून कोण सरकतंय?

ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला आणि देशी अ‍ॅप्सनी पैशांची टेबलं बंद केली. आता हातात आहेत ती फुकट चिप्सची टेबलं आणि ज्यांनी उतरवून ठेवल्या त्यांच्या जुन्या हँड हिस्टरी, म्हणजे खेळलेल्या डावांच्या नोंदी. शिकायला तेवढं पुरतं. फुकट चिप्सवर तर लोक आणखीनच कॉल करतात, त्यामुळे आक्रमकपणातली चूक अधिक ठळक दिसते. खालचे आकडे ₹१/₹२च्या, सहा जणांच्या टेबलाचे धरले आहेत; ₹१ आणि ₹२ म्हणजे स्मॉल आणि बिग ब्लाइंड, दोघांनी डावाआधीच भरायच्या सक्तीच्या रकमा (त्या भरणाऱ्यांनाही हीच नावं). प्रत्येकासमोर ₹२००, म्हणजे शंभर बिग ब्लाइंड.

या टेबलांवरचा सगळ्यात ठरलेला डाव असा. बटनवर, म्हणजे फ्लॉपपासून सगळ्यात शेवटी बोलणाऱ्या जागेवर, आपल्याकडे इस्पिकचा एक्का आणि चौकटची राणी. ₹६ रेझ, म्हणजे रक्कम वाढवली. स्मॉल ब्लाइंड फोल्ड (पॅक), बिग ब्लाइंड कॉल. हा बिग ब्लाइंड निम्म्याहून जास्त डावांत पैसे टाकणाऱ्यांपैकी. पॉट, म्हणजे मध्ये जमलेले पैसे, ₹१३. फ्लॉपवर (टेबलावर उघडणारे पहिले तीन पत्ते) बदामचा राजा, बदामची अठ्ठी, किलवरची चव्वी. आपण ₹८ लावतो, तो कॉल करतो, पॉट ₹२९. टर्नला (चौथा पत्ता) इस्पिकची दुर्री. आपण ₹२०, तो कॉल, पॉट ₹६९. रिव्हरला (पाचवा, शेवटचा पत्ता) चौकटची नव्वी. आपण ₹५० लावतो. तो जरा वेळ घेतो आणि कॉल करतो. दाखवतो काय, तर किलवरचा राजा आणि किलवरची पंजी.

‘राजा-पंजीवर तीन वेळा कॉल? काय माणूस आहे!’ अशी चिडचिड इथे होते, पण चूक त्याची नाही. रिव्हरला त्याच्याकडे काय काय असू शकतं ते मोजा. एक ढीग बदामचा रंग लागेल म्हणून थांबून चुकलेल्यांचा: गुलाम-दश्शी, राणी-दश्शी, सत्ती-छक्की. या सगळ्यांना आपला एक्का बिनबेटचाच हरवतो. दुसरा ढीग जोड्यांचा: राजा, अठ्ठी, कधी चव्वीसुद्धा. हे आपल्याला हरवतात आणि या टेबलावर फोल्ड होत नाहीत. म्हणजे ₹५० लावल्यावर फोल्ड झाला तो हरणाराच माणूस, आणि कॉल केला तो जिंकणारा. ₹५०च्या बदल्यात आपण काहीच विकत घेतलं नाही. फ्लॉपचे ₹८ लावून टर्नला चेक केला (पैसे न लावता पुढे गेलो) असता आणि पुढे हात आखडला असता, तर एकूण ₹१४ गेले असते. गेले ₹८४. फरक ₹७०, पस्तीस बिग ब्लाइंड. शंभर डावांमागे पाच बिग ब्लाइंड कमावणारा खेळाडू चांगला समजला जातो. त्या वेगाने ही भरपाई व्हायला ७०० डाव लागतात. एका टेबलावर तासाला सत्तर डाव धरले तर दहा तास.

ब्लफ, म्हणजे पत्ते नसताना लावलेली बेट, किती वेळा चालायला हवा याचं गणित पाचवीतलं आहे: लावलेली रक्कम भागिले लावलेली रक्कम अधिक पॉट. अर्धा पॉट लावला तर ३३ टक्के वेळा समोरचा फोल्ड व्हायला हवा, दोन तृतीयांशला ४० टक्के, पूर्ण पॉटला ५०. वरच्या डावात ₹५० भागिले ₹११९, म्हणजे ४२ टक्के. या आकड्यात एक मेख आहे. आपल्याकडे रिव्हरला काहीच नसेल, सत्ती-छक्कीसारखे चुकलेले पत्ते असतील, तर ४२ टक्के फोल्ड झाले की बरोबरी. एक्का-राणी असेल तर फक्त आपल्यापेक्षा वरचढ पत्त्यांचे फोल्ड मोजायचे, कारण बाकीच्यांना चेक करूनही हरवलंच असतं. बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो.

फ्लॉपच्या आधीचा प्रकारही तसाच. कोणीतरी ₹६ रेझ केला, आपण बटनवर गुलाम-नव्वी घेऊन ₹२०चा थ्री-बेट, म्हणजे रेझवर पुन्हा रेझ, मारला. वीस रुपये कशासाठी लावले? त्याचे ₹६ आणि ब्लाइंडचे ₹३, एकूण ₹९ उचलायला. वीस भागिले एकोणतीस, म्हणजे जागच्या जागी फायदा व्हायला सगळ्यांनी मिळून ६९ टक्के वेळा फोल्ड व्हायला हवं. कॉल झाल्यावर फ्लॉप बघूनही काही वेळा जिंकू, म्हणून खरी गरज थोडी कमी. पण जो थ्री-बेटला तीनपैकी दोनदा कॉल करतो त्याच्यासमोर हा आकडा लांबच राहतो. असा खेळाडू दिसला की थ्री-बेटमधले ब्लफ काढून टाका. दश्शीची जोडी आणि वर, एक्का-राणी आणि वर, एवढंच ठेवा आणि रक्कम उलट वाढवा: ₹२०च्या जागी ₹२४. तो तेवढ्याच उत्साहाने कॉल करील.

तिघे-चौघे फ्लॉपला असताना सवयीने लावलेली बेट तर निव्वळ दान. जोडी नसलेल्या दोन पत्त्यांना फ्लॉपवर तीनपैकी साधारण दोन वेळा काहीच लागत नाही, हे खरं. म्हणून प्रत्येक जण निम्म्या वेळा फोल्ड होतो असं धरू. समोर एक असेल तर ५० टक्के. अर्ध्या पॉटच्या बेटला ३३ लागतात, छान. समोर दोघे असतील तर दोघेही फोल्ड होण्याची शक्यता २५ टक्के, तिघे असतील तर साडेबारा. तिथे पत्ते नसतील तर चेक, दुसरा पर्याय नाही.

ड्रॉ (अजून पुरा न झालेला रंग किंवा सीक्वेन्स) घेऊन ऑल-इन जाणं, म्हणजे सगळ्या चिप्स लावणं, ही वेगळी गोष्ट, आणि इथे आक्रमक खेळाडू कधीकधी बरोबर असतो. पॉट ₹१००, आपल्याकडे ₹१००, फ्लॉपवर रंगाला एक पत्ता कमी. दोन पत्ते यायचे असताना रंग लागण्याची शक्यता ३५ टक्के. कॉल झाला तर ₹३००मधले आपल्या वाट्याचे ₹१०५. कोणी फोल्ड झालं नाही तरी नुकसान नाही, झालं तर चांदी. तोच प्रकार टर्नला, एकच पत्ता उरलेला असताना केला तर वाटा २० टक्क्यांवर येतो आणि २९ टक्के फोल्ड लागतात. मधला एकच पत्ता हवा असलेल्या, म्हणजे गटशॉटच्या सीक्वेन्सवर टर्नला गेलात तर जेमतेम ९ टक्के वाटा आणि ४२ टक्के फोल्डची गरज. आणखी एक: हा ३५चा आकडा समोरच्याकडे साधी जोडी असेल तेव्हाचा. त्याच्याकडे त्रिकूट असेल तर तो २५च्या आसपास घसरतो, आणि त्याच रंगाचा मोठा ड्रॉ असेल तर आपला रंग लागूनही डाव जातो. छक्की-पंजीच्या रंगावर सगळं ढकलण्याआधी हे आठवावं.

गप्प बसणाऱ्याचा रेझ. तासभर फक्त कॉल करत आलेला माणूस टर्नला अचानक रेझ करतो. एक्क्यांची जोडी असली तरी तिथे सहसा फोल्डच. ‘तो मला ढकलायला बघतोय’ असं आक्रमक खेळाडूला वाटतं, कारण तो स्वतः तेच करतो. गप्प माणूस दोन जोड्या किंवा त्यावर असल्याशिवाय हलत नाही.

गंमत अशी की ब्लफला ₹५० लावणारा हाच खेळाडू चांगले पत्ते आले की कंजूष होतो. समोरचा पळेल अशी भीती. वरचाच फ्लॉप घ्या, आता आपल्याकडे राजा-राणी. एक तृतीयांश पॉट लावत गेलं तर बेट होतात ₹४, ₹७, ₹१२. समोरच्या राजा-पंजीकडून मिळाले ₹२३. दोन तृतीयांश लावत गेलं तर ₹९, ₹२१, ₹४९, मिळाले ₹७९. माणूस तोच, त्याचे पत्ते तेच, त्याने कॉल करणंही ठरलेलंच. आक्रमकपणा टाकायचा नाहीये, ब्लफच्या खिशातून काढून इथे घालायचा आहे. ट्रॅकर (डावांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर आलेखातली लाल रेघ, म्हणजे शोडाउनशिवाय, पत्ते न दाखवता मिळालेले पैसे, थोडी खाली जाईल. जाऊ द्या. या टेबलांवर कमाई निळ्या रेघेची, म्हणजे पत्ते दाखवून जिंकलेल्या पैशांची असते, आणि लाल रेघ सरळ करायच्या हट्टापायीच बरेच जण ब्लफ वाढवतात.

जुने डाव तपासताना सगळे उघडू नका. फिल्टर लावा: रिव्हरला आपण बेट केली, कॉल झाला, आपण हरलो, पॉट तीस बिग ब्लाइंडच्या वर. असे पन्नास डाव काढा. प्रत्येकासमोर दोनच गोष्टी लिहा: माझ्यापेक्षा वरचढ कोणते पत्ते फोल्ड होणार होते, आणि कमी कोणते कॉल करणार होते. पत्त्यांची नावं घालून लिहा. ‘तो कमकुवत वाटला’ हे उत्तर नाही. दोन्ही रकाने रिकामे राहिले की तो डाव चुकीच्या ढिगात टाका. नशीब वाईट होतं म्हणून हरलेले डाव वेगळे पडतात, आणि ते वाटतात त्यापेक्षा बरेच कमी निघतात. समोरच्याबद्दलची नोंद करताना धीर धरा: तो किती डावांत पैसे टाकतो हे शंभरेक डावांत कळतं, रिव्हरला किती वेळा फोल्ड होतो हे कळायला हजारो डाव लागतात. वीस डावांवरून ‘हा फोल्ड होतो’ असं लिहून ठेवणं म्हणजे एका स्टेशनवरून अख्ख्या मार्गाचं वेळापत्रक लिहिणं.

मोबाइलवर खेळत असाल तर बेटच्या पट्टीशेजारची अर्धा, पाऊण, पॉट ही तयार बटणं सेटिंगमध्ये बदलून घ्या, अ‍ॅप देत असेल तर: ३३, ५० आणि ६७ टक्के. पूर्ण पॉटचं बटण अंगठ्याखाली असलं की तेच दाबलं जातं, विशेषतः गर्दीच्या लोकलमध्ये एका हाताने कडी धरलेली असताना आणि घड्याळाचे शेवटचे चार सेकंद उरलेले असताना.