धूळ वाढत नाही, बसते

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवण लिहावी, असे शाळेचे पत्र आले तेव्हा मला प्रथम आठवल्या त्या आठवीतल्या निबंधाच्या वहीतील तांबड्या रेघा. ‘बंद घराचे आत्मवृत्त’ लिहिताना मी लिहून गेलो होतो, ‘माझ्या खिडक्यांवर हळूहळू धूळ वाढली, गजांवर हळूहळू गंज वाढला आणि हौदात हळूहळू गाळ वाढला.’ मराठीच्या सरांनी तीनही वाक्यांतले ‘हळूहळू’ आणि ‘वाढणे’ खोडून समासात बारीक अक्षरांत लिहिले होते, ‘धूळ वाढत नाही, बसते. गंज चढतो. गाळ साचतो. हळूहळूपणा या क्रियापदांच्या पोटातच आहे.’

दुसऱ्या दिवशी माझे नाव न घेता सरांनी अख्खा तास त्यावरच घेतला. ते नाम सांगत आणि क्रियापद आम्ही द्यायचे. तण माजते, कामे तुंबतात, दुखणे बळावते, जखम चिघळते, व्यसन जडते, वाद विकोपाला जातो. ‘धरणे’पाशी ते बराच वेळ रेंगाळले. एरवी धरणे म्हणजे हाताने पकडणे. पण जखम खपली धरते, रोप मूळ धरते, तान्हे मूल बाळसे धरते, तेव्हा तिथे कोणाचाही हात नसतो. पाणी टाकीत साठवतात आणि खड्ड्यात साचते, म्हणजे साठ्यामागे बहुधा हेतू असतो आणि साचलेले बहुधा नकोसे असते, असे ते म्हणाले. त्यावर मागच्या बाकावरील एका मुलीने ‘थेंबे थेंबे तळे साचे’ या म्हणीचे काय, असे विचारले. सर खूश झाले. ‘बरोबर पकडलेस! म्हणून तर मी ‘बहुधा’ म्हटले,’ असे म्हणून त्यांनी फळ्यावर तो शब्द अधोरेखित केला.

त्याच तासाला त्यांनी ‘कळले’ आणि ‘कळत गेले’ यांतला फरक सांगितला. पहिले एका क्षणाचे काम आहे, दुसऱ्याला वर्षे लागतात, आणि तेवढा काळ मराठी केवळ ‘जाणे’ या सहायक क्रियापदावर तोलून धरते. टेबलावरच्या दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाकडे बोट दाखवून ते म्हणाले, ‘हा लिहिला नाही, लिहिला जात गेला.’ १९३२ ते १९३८ या काळात त्याचे सात खंड निघाले आणि १९५० मध्ये पुरवणी आली, हे मी पुढे वाचले.

मी पुढे लेखापरीक्षणाच्या व्यवसायात पडलो आणि ही क्रियापदे मला तिथेही भेटत राहिली. व्याज चढते, थकबाकी तुंबते. ‘संचित तोटा’ या शब्दप्रयोगातला ‘संचित’ हा प्रारब्ध आणि क्रियमाण यांच्या जोडीने येणाराच शब्द. ताळेबंदात तो लिहिताना मला अजूनही थोडे हसू येते. सर्वांत विलक्षण म्हणजे ‘संचित घसारा’. घसारा म्हणजे झीज. वस्तू कमी होत जाते आणि खात्यावर मात्र तेच कमी होणे साचत जाते. दहा वर्षे टिकेल आणि शेवटी ज्याचे काहीच मोल उरणार नाही, अशा यंत्रावर दरवर्षी समान घसारा धरला, तर चौथ्या वर्षाअखेर तो मूळ किमतीच्या ४० टक्के होतो. झिजण्याचाही संचय होऊ शकतो, ही गोष्ट मला सरांना सांगायची होती. ते राहून गेले.

त्या तासाची घंटा व्हायला दोनेक मिनिटे असताना सरांनी शेवटचे नाम दिले होते, ‘वय’. आम्ही एका सुरात ‘वाढते’ म्हणालो. सरांनी खडू खाली ठेवला, हात झटकले आणि म्हणाले, ‘तुमचे वाढते. माझे झाले.’