प्रेषकाच्या रकान्यात कोण?

टर्मिनलवरून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, ईमेल पाठवण्याची मौज अशी की विषय आणि मजकूर दिला की एका ओळीत काम फत्ते होते. घोडे अडते ते पाठवणाऱ्याच्या नावापाशी, कारण ते आपण सांगितले नाही तर संगणक स्वतःच ठरवतो आणि ज्या खात्यातून आज्ञा चालली त्या खात्याला आपले यंत्रनाम जोडून मोकळा होतो. अमळनेरच्या ज्या जिनिंगचे संगणक मी सांभाळतो, तिथून कापसाच्या आवकेचा हिशोब रोज संध्याकाळी क्रॉनमार्फत, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप आज्ञा चालवणाऱ्या सोयीमार्फत, मालकांना आणि मुनीमकाकांना जातो. सुरुवातीला तो ‘रूट’कडून, म्हणजे संगणकाच्या सर्वाधिकारी खात्याकडून, येई. मुनीमकाकांनी विचारले, “भाऊ, हाऊ रूट कोन शे?”

प्रश्न रास्त होता. उत्तर मात्र एकच नाही. टर्मिनलवरून ईमेल पाठवणाऱ्या मेलएक्स या आज्ञेच्या एका अवतारात ‘उणे आर’ (-r) या पर्यायापुढे प्रेषकाचा पत्ता देता येतो, दुसऱ्यात ‘उणे ए’ (-a) लावून ‘फ्रॉम’ची ओळ शीर्षभागात घालावी लागते, आणि तेच ‘उणे ए’ भलत्या अवतारात फाइल जोडण्यासाठी राखलेले असते. त्यामुळे कुठल्याही लेखातली ओळ डोळे झाकून उतरवण्यापेक्षा आपल्या यंत्रावरचे मॅन पान, म्हणजे त्या आज्ञेची माहितीपुस्तिका, उघडावे, हे बरे.

खरी गंमत अशी की ईमेलला प्रेषक दोन असतात. एक वाचणाऱ्याला दिसतो, दुसरा लिफाफ्यावर असतो आणि पत्र पोहोचले नाही तर त्याची सूचना या दुसऱ्याकडेच परतते. पत्र प्रत्यक्ष रवाना करणाऱ्या सेंडमेल या प्रोग्रामला ‘उणे एफ’ने (-f) सांगितला जातो तो हाच. 1982 च्या आरएफसी 821 या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजामध्ये लिफाफ्याचे नियम आहेत, तर 822 मध्ये आतल्या पत्राचे. पण पाठवणारा खरोखर तोच आहे काय, याचा पुरावा त्या काळी कोणी मागत नव्हते. आता एसपीएफ ही तपासणी लिफाफ्यावरच्या पत्त्याचे डोमेन (@ नंतरचा भाग) पाहून हा सर्व्हर त्याच्या वतीने पत्र पाठवू शकतो का ते तपासते, आणि डीमार्क ही दुसरी तपासणी वाचणाऱ्याला दिसणाऱ्या पत्त्याच्या डोमेनचा लिफाफ्यावरच्या डोमेनशी किंवा डीकेआयएम या डिजिटल सहीतल्या डोमेनशी मेळ बसतो का ते पाहते. साहजिकच स्वतःच्या सर्व्हरवरून जीमेलचा पत्ता लावून पाठवलेले पत्र बहुधा स्पॅममध्ये जाऊन पडते.

आम्ही दोन्ही ठिकाणी जिनिंगच्या डोमेनवरचा हिशोब खात्याचा पत्ता ठेवला. ‘उत्तर देऊ नये’ असे बजावणारा पत्ता मला उद्धट वाटतो. गाडीच्या वजनात फरक दिसला की मालक त्याच पत्राला उत्तर देतात, आणि ते काट्यावर बसणाऱ्या माणसाच्या मोबाइलवरही जाते.