आतलं माप

कोजागिरीच्या रात्री, ६ ऑक्टोबरला, गच्चीवर दूध आटत होतं आणि माझ्या मोबाइलवर एकामागून एक मेसेज येत होते. ‘वजनात फरक आढळला.’ कुरिअर बुकिंगच्या आमच्या वॉलेटमधून प्रत्येक पार्सलमागे २८ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे ३३ रुपये ४ पैसे कापले जात होते. अशी २४० पार्सलं. एकूण ७,९२९ रुपये ६० पैसे. वाट्या भरेपर्यंत वॉलेट मायनसमध्ये गेलं होतं. ते मायनसमध्ये असलं की दुसऱ्या दिवशीचं एकही लेबल निघत नाही, आणि दुसऱ्या दिवशी माझे ९० डबे जायचे होते.

सांगलीच्या मार्केट यार्डामागच्या एका गोडाऊनवर मी डिस्पॅच बघते. दिवाळीत आमचा एक ठरलेला डबा जातो. त्यात अर्धा किलो राजापुरी हळदीची पूड, अर्धा किलो तासगावचा बेदाणा आणि अर्धा किलो गूळ पावडर असते. माल चांगला आहे, त्याबद्दल मी छातीठोक बोलेन. पण या धंद्यात नफा मालात जेवढा ठरतो तेवढाच पाठवणीत ठरतो. दीड किलोचा डबा दिल्लीला पोचवायचा खर्च कधी कधी आतल्या गुळापेक्षा जास्त असतो, आणि गिऱ्हाईक मात्र ‘डिलिव्हरी फ्री आहे ना?’ हे पहिल्या वाक्यात विचारतं. फ्री काहीच नसतं. ते पैसे आम्ही कुठून तरी काढतो, आणि कुठून काढायचे हे बघणं माझं काम.

त्यातलं बरंचसं काम कंटाळवाणं आहे. ‘मारुती मंदिराजवळ’ एवढाच पत्ता आला की पाठवायच्या आधी फोन करून पिनकोड पक्का करायचा, कारण परत आलेल्या पार्सलाचं जायचं आणि यायचं अशी दोन्ही भाडी आमच्या माथी. पुण्याच्या एका सोसायटीतून ३२ डब्यांची मागणी आली तेव्हा ३२ पत्ते न घेता एकच घेतला आणि सगळे डबे गोण्यांत भरून रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पाठवले. निम्म्याहून जास्त खर्च वाचला. असलं सगळं मला येतं असा माझा समज होता.

कुरिअरवाले प्रत्येक पार्सलाची दोन वजनं काढतात. एक काट्यावरचं. दुसरं खोक्यानं गाडीत अडवलेल्या जागेचं. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि ५००० नं भागायचं, की किलो येतात. काहींचा भाजक वेगळा असतो, आमच्या कुरिअरचा ५०००. दोन्हींतलं जे जास्त त्याचे पैसे, आणि तेही अर्ध्या अर्ध्या किलोच्या टप्प्यानं. दोन किलोच्या वर एक ग्रॅम गेला तरी अडीच किलोचा दर. म्हणून आमच्या डब्याचं खोकं मी स्वतः बसून ठरवलेलं होतं: २५ बाय २० बाय १७. गुणाकार ८,५००, म्हणजे १.७ किलो. काट्यावरही आमचा डबा पावणेदोनच्या आसपास. दोन्हीकडून दोन किलोच्या आत. तीन वर्षं हे गणित चाललं.

गणपतीत दोन-तीन डबे चेपून पोचले. एका ताईंनी फोटो पाठवला, हळदीचं पाकीट फुटून बेदाणा, पुठ्ठा, आतलं पत्र सगळं पिवळंधमक. हळद सांडली की काहीच परत विकता येत नाही. तेव्हा दादांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, खोकी तीन प्लायऐवजी, म्हणजे कागदाच्या तीन थरांऐवजी, पाच प्लायची करायला सांगितलं. माप तेच, छपाई तीच, पुठ्ठा जाड. २५ सप्टेंबरला हजार खोकी आली आणि आम्ही त्यातच भरायला सुरुवात केली. निर्णय बरोबरच होता. त्यानंतर एकही डबा फुटल्याची तक्रार आली नाही.

त्या रात्री मेसेजमध्ये लिहिलं होतं, ‘आकारलेलं वजन २.५ किलो’. मी सांगितलेलं २. मला झोप लागली नाही आणि सकाळपर्यंत माझ्या डोक्यात एकच उत्तर तयार झालं होतं. ते उत्तर म्हणजे आक्का.

आक्का आमच्याकडे पाकिटं भरतात. नऊ बायकांत सगळ्यात जुन्या. त्यांचा हात सढळ आहे, हे सगळ्या गोडाऊनला माहीत. ५०० ग्रॅमच्या जागी ५१०, ५१५ सहज. ‘दिवाळीचं हाय, गिऱ्हाइकानं नाव काढलं पायजे,’ असं म्हणून वर चिमूट टाकायच्या. मी त्यांना दोन-तीनदा टोकलंही होतं.

मंगळवारी सकाळी नऊला, सगळ्या बायका बसल्या असताना, मी म्हणाले, “आक्का, तुमच्या मुठीनं आठ हजार रुपये घालवले.” आवाजही चढलेला होता. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग हातातला चमचा हळदीच्या टोपात ठेवला, डोक्याचा रुमाल सोडला, घडी घालून पिशवीत टाकला आणि गेल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. बाकीच्या बायकांनी माना खाली घातल्या.

दादांनी वॉलेटमध्ये पैसे भरले. मला बाजूला घेऊन म्हणाले, “येईल दोन दिवसांत, एवढं मनावर घेऊ नकोस.” मला ते तेव्हाही आवडलं नाही. माणूस उठून गेलं की ते परत येईलच या हिशेबानं चालणं मला पटत नाही, मालक कितीही चांगला असो.

दुपारी मी कुरिअरच्या मदत क्रमांकावर फोन लावला. तिथल्या पोरांना पाठ करून दिलेली वाक्यं असतात, त्यांच्यावर राग काढून उपयोग नसतो, पण पंचवीस मिनिटं धून ऐकल्यावर ‘मॅडम, फोटो अपलोड करा’ एवढंच ऐकायला मिळालं की अंगाची लाही होते. हरकत घ्यायला सात दिवस. फोटो चार हवेत: डबा काट्यावर ठेवलेला, आणि लांबी, रुंदी, उंची या तिन्ही बाजूंना टेप लावलेला, प्रत्येकात लेबलवरचा नंबर वाचता येईल असा.

म्हणून मी आक्कांनीच भरलेला, सील झालेला एक डबा काट्यावर ठेवला. १ किलो ९३० ग्रॅम.

पुन्हा ठेवला. दुसरा घेतला, तिसरा घेतला. १.९२, १.९३, १.९३. आक्कांची चिमूट धरून, जाड पुठ्ठा धरून, आतला कागद आणि टेप धरून दोनच्या आत. त्यांच्या हातानं एक पैसासुद्धा गेला नव्हता. काटा माझ्या टेबलापासून सहा पावलांवर आहे. सकाळी नऊला मी ती सहा पावलं चालले नाही.

मग लांबीला टेप लावली. २६.२. मला वाटलं टेपचं टोक सैल झालंय, शिवणकामाची स्टीलची पट्टी आणली. २६.२. रुंदी २१.२. उंची १९.४. गुणाकार १०,७७५. भागिले ५००० म्हणजे २.१५ किलो. म्हणजे अडीचचा दर. कुरिअरच्या हबवर, म्हणजे पार्सलं गोळा होतात तिथल्या यंत्रानं बरोबर मोजलं होतं. तक्रार करायला मला जागाच उरली नव्हती.

तोच डबा स्कूटीवर पुढे ठेवून मी कुपवाड एमआयडीसीत खोकेवाल्या काकांकडे गेले. २५ बाय २० बाय १७ सांगितलं होतं, मग हे काय? काका शांत माणूस. त्यांनी डबा उघडला, आत पट्टी लावली. २५, २०, १७. मिलिमीटरचाही फरक नाही. “आम्ही माप आतलं धरतो. माल आत बसायचा असतो ना. बाहेरचं तुम्ही कधी विचारलंच नाही.”

मग त्यांनी खोक्याचा कोपरा कटरनं कापून मला काप दाखवला. तो काप मी अजून ड्रॉवरमध्ये ठेवलाय. तीन प्लायचा पुठ्ठा साधारण ३ मिलिमीटर, आमचा पाच प्लायचा ६. लांबीत दोन भिंती, म्हणून १.२ सेंटिमीटर वाढले. रुंदीतही तेवढेच. पण उंचीत वर झाकणाच्या दोन पाकळ्या एकीवर एक आणि खाली दोन, अशा चार जाड्या, म्हणजे २.४. जुन्या खोक्यालाही हे लागू होतंच, पण त्याचं बाहेरचं माप गुणून १.९२ किलो यायचं. दोनच्या आत, अगदी काठावर. तीन वर्षं मी ज्याला माझं गणित म्हणत होते ते चुकीचंच होतं, फक्त पुठ्ठा पातळ होता म्हणून उघडं पडलं नव्हतं.

साडेसातशे खोकी छापून पडलेली. फेकता येत नाहीत. काकांनीच खोकं बुटकं करायची युक्ती शिकवली आणि ती मी सगळ्या छोट्या विक्रेत्यांना सांगत सुटलेय. चारही उभ्या कोपऱ्यांवर वरून ३ सेंटिमीटर खाली येईपर्यंत चीर द्यायची. मग स्टीलची पट्टी धरून, रिफिल संपलेल्या बॉलपेननं आतून दाबत नवी घडीची रेघ पाडायची. कटरच्या पात्यानं रेघ मारू नये, वरचा कागद फाटतो आणि घडी तिथंच तुटते. पाकळ्या आता ३ सेंटिमीटरनं लांब झालेल्या असतात, तेवढ्या कापून टाकायच्या. हे कापणं बहुतेक लोक सोडतात. मग समोरासमोरच्या पाकळ्या मध्यभागी एकमेकींवर चढतात, पुन्हा जाडी वाढते आणि वर टेपखाली फुगवटा येतो. यंत्र सगळ्यात उंच टोक पकडतं, सरासरी काढत नाही. असं केल्यावर बाहेरची उंची १६.४ झाली आणि गुणाकार १.८२ किलोवर आला.

पण १४ सेंटिमीटर आतल्या उंचीत आमची उभी पाकिटं बसत नव्हती. आडवी ठेवून पाहिली. माझ्या हातानं भरलेलं हळदीचं पाकीट उशीसारखं फुगलेलं, आडवं ठेवलं तरी डगमगत होतं. आक्कांनी भरलेली पाकिटं मात्र विटेसारखी एकावर एक बसली. त्या भरल्यावर पाकीट टेबलावर तीनदा आपटतात, पूड बसवतात, मग तळहातानं हवा दाबून काढतात आणि लगेच सील मारतात. तीन वर्षं मी हे बघत होते आणि वेळ जातो म्हणून कुरकुरत होते.

संध्याकाळी पिकअपचा पोरगा आला. गोणी भरताना सहज म्हणाला, “ताई, गोणीत आता चौदाच बसतात हो.” आणि मला आठवलं.

नवी खोकी आली त्याच दिवशी आक्का म्हणाल्या होत्या, “पोरी, ह्ये खोकं थोराड हाय. गोणीत सोळा बसायची, आता चौदाच बसत्यात.” मी लेबलं चिकटवत होते. मी म्हणाले होते, “माप तेच आहे आक्का.” त्यांनी पुन्हा सांगितलं नव्हतं. माझ्याकडे सूत्र होतं, भागाकार होता, कंपनीचं दरपत्रक भिंतीवर चिकटवलेलं होतं. त्यांच्याकडे गोणी होती. २४० पार्सलं जायच्या आधी त्यांनी मला उत्तर देऊन ठेवलं होतं.

रात्री आठला आयर्विन पुलावरून सांगलीवाडीला गेले. आक्का भाकरी थापत होत्या. मी उंबऱ्यातच सगळं सांगितलं, कापलेला तुकडाही दाखवला. त्यांनी तो हातात घेऊन अंगठ्यानं दाबून बघितला. म्हणाल्या, “मला ते सेंटिमीटर न्हाय कळत. पर सगळ्यांम्होरं बोलाय नको हुतं.”

“चुकलं माझं.”

“व्हय, चुकलं,” एवढंच म्हणाल्या आणि तव्यावरची भाकरी उलटली. मला ताटावर बसवलं, जेवायला घातलं. तिथं त्या विषयावर पुढे एक शब्द निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्या बायकांसमोर मी माझी चूक सांगितली. आक्का त्या दिवशी आल्या नव्हत्या. गुरुवारी आल्या. दिवाळीच्या आधी आणखी ४१० डबे गेले, बुटक्या खोक्यांतून, आणि त्यांतल्या एकावरही जादा पैसे कापले गेले नाहीत. ७,९२९ रुपये काही परत मिळाले नाहीत आणि मी ते मागितलेही नाहीत. नवी खोकी मागवताना आता बाहेरचं माप लिहून देते, आणि काकांकडून कोऱ्या पुठ्ठ्याचा एक नमुना आधी करून घेते. तो नमुना पहिल्यांदा आक्कांच्या हातात देते, आणि त्या गोणीत घालून बघतात.

पण त्यांनी चिमूट टाकायची सोडलीय. भरायच्या टेबलावरचा छोटा काटा त्यांनी फिरवून ठेवलाय, आकडे माझ्या टेबलाकडे येतील असा. प्रत्येक पाकीट ठेवलं की मान वळवून, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात मला विचारतात, “पाचशे झालं का गं? बघ.” मी म्हणते, “झालं, आक्का.” मग त्या सील मारतात आणि पुढचं पाकीट उचलतात. दिवसाला तीनशे पाकिटं होतात.