बुडबुडा आला? परत घाल!

चष्मेवाल्या माणसाची नवी ओळख झाली की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यालाच प्रश्न येतो, ‘नंबर किती?’ उणे दोन, उणे पाच, सिलिंडर पाऊण असं काहीतरी सांगितलं की समोरच्याचं समाधान होतं आणि तोही आपला नंबर सांगून मोकळा होतो. माझी इथंच पंचाईत. मला नंबर आहे, पण तो सांगून काही कळत नाही. गडबड आकारात आहे. केराटोकोनस म्हणतात. बुबुळावरचा कॉर्निया, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा पारदर्शक पडदा, छान गोलसर राहायचं सोडून पातळ होत होत शंकूसारखा पुढं येतो. बहुतेकांचं ऐन शाळा-कॉलेजच्या वयात सुरू होतं, आणि दोन्ही डोळ्यांत सारखंच होईल असंही नाही. हे सगळं सांगेपर्यंत विचारणाऱ्याची बस आलेली असते.

बस नाहीच आली तर पुढचा प्रश्न ठरलेला. ‘मग लेसर करून टाक ना!’ लेसरनं कॉर्निया तासून आणखी पातळ करतात. आमच्याकडं मुळात तोच पातळ. विरलेलं धोतर धोपटण्यानं धोपटायचं म्हणजे काय होणार, ते सांगायला नको.

दिसतं कसं, हे मात्र ऐकायला लोकांना आवडतं. अंधुक दिसतं असं नाही, जास्तीचं दिसतं. संकष्टीला आई गच्चीवर चंद्र शोधत असायची आणि मला एकाच ठिकाणी चार-पाच चंद्र एकावर एक रेललेले दिसायचे. उपास सोडायला तेवढे नक्कीच पुरले असते. समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याला खाली शेपूट फुटायची. आणि देवनागरीची तर काय दशा! माझं काम छापखान्यात प्रुफं तपासायचं. प्रत्येक शब्दाला दोन शिरोरेषा, एक खरी आणि एक तिची फिकट सावली. अनुस्वाराचा ठिपका लांबट होऊन रफाराशी सलगी करायला लागायचा. ‘मद’ आहे की ‘मंद’, हे डोळ्यांपेक्षा संदर्भावरून ठरवायचं. इंग्रजी प्रुफं त्या मानानं सोपी जायची, तिथं डोक्यावर फारसं काही नसतं.

आजी सारखी ओरडायची, ‘डोळे चोळू नकोस गं, बुबुळं बाहेर येतील!’ तेव्हा हसायचो आम्ही. आता डॉक्टर तेच सांगतात, फक्त शब्द जरा सभ्य असतात. ॲलर्जीनं डोळे खाजणं, ते चोळणं आणि हा आजार यांचं साटंलोटं आहे. आजीनं कुठल्याही कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं.

आजार वाढू नये म्हणून एक उपाय असतो. ब-२ जीवनसत्त्वाचे थेंब डोळ्यात घालून वरून अतिनील किरण देतात, त्यानं कॉर्नियाचे धागे एकमेकांना घट्ट धरतात. पण त्यानं वाढ थांबते, गेलेला आकार परत येत नाही. चष्मा अशा वेड्यावाकड्या पृष्ठभागापुढं हात टेकतो. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स डोळ्याचाच आकार घेते, म्हणजे ती आमच्या शंकूला सामील. कडक छोटी लेन्स चालते, पण ती कॉर्नियावरच बसते. शंकू जास्त टोकदार असला की ती टोचते, घसरते आणि चारचौघांत पडते.

म्हणून मग स्क्लेरल लेन्स. कॉर्निया साधारण बारा मिलिमीटरचा, ही लेन्स पंधरा ते वीसच्या घरातली. कॉर्नियाला ती शिवतच नाही. वरून कमान टाकून बाजूच्या पांढऱ्या भागावर टेकते. मधल्या जागेत मिठाचं निर्जंतुक पाणी, म्हणजे सलाइन, भरलेलं असतं. त्या पाण्याची प्रकाश वाकवायची रीत कॉर्नियाच्या जवळपास असल्यामुळं खालचे उंचवटे-खळगे प्रकाशाला जवळजवळ जाणवतच नाहीत. त्याला दिसतो तो वरचा गुळगुळीत पृष्ठभाग. पाण्याचा हा थर किती, तर मिलिमीटरचा चौथा-पाचवा हिस्सा. एवढ्याशा पाण्यानं माझा अनुस्वार पुन्हा ठिपका झाला.

आता घालायची तऱ्हा. सकाळी टेबलावर आरसा आडवा ठेवायचा आणि त्यावर ओणवं व्हायचं, इतकं की चेहरा जमिनीला समांतर झाला पाहिजे. लेन्स छोट्या रबरी टेकूवर ठेवून सलाइननं काठोकाठ भरायची. कडेला पाणी फुगून उभं राहतं, सांडत नाही. मग एका हातानं दोन्ही पापण्या ताणून धरायच्या आणि लेन्स खालून वर आणत डोळ्याला भिडवायची. पाण्याचा गार स्पर्श होतो, थोडं नाकावरून ओघळतं, पापण्या सोडायच्या. बसली. आरशात बघावं तर बुबुळाच्या कडेला एक चकचकीत बुडबुडा ऐटीत बसलेला. आत हवा शिरली! तो हलवता येत नाही, फोडता येत नाही. काढा, भरा, पुन्हा ओणवे व्हा. ऑफिसची घाई असली की हमखास येतो. घरात आता ‘जेवण झालं का’ याच्या चालीवर ‘बुडबुडा आला का’ असं विचारतात.

दुपारी कधीकधी आतलं पाणी गढूळ होतं आणि सगळं सोलापूर धुक्यात गेल्यासारखं दिसतं. काढून नव्यानं पाणी भरलं की ऊन परत. नळाचं पाणी मात्र अजिबात चालत नाही. त्यातला अकँथअमिबा नावाचा जीव कॉर्नियाची वाट लावू शकतो. आमच्याकडं नळाला पाणीच काही दिवसांआड येतं, तेव्हा ते डोळ्यात घालण्याची चैन तशीही परवडणारी नाही.

मला गंमत वाटते ती याची, की ज्याला आज लोक ‘नवीन टेक्नॉलॉजी’ म्हणतात ती ही लेन्स मुळात सगळ्यांत जुनी आहे. १८८८ साली झुरिकच्या अडॉल्फ फिक या डॉक्टरनं काचेच्या अशाच मोठ्या लेन्सबद्दल लिहिलं. आधी सशांच्या डोळ्यांवर, मग स्वतःच्या. लेन्सखाली भरायला द्राक्षशर्करेचं पाणी. त्याच्या डोळ्यांपुढं केराटोकोनसचे रुग्ण होतेच. लगेच १८८९मध्ये जर्मनीत ऑगस्ट म्युलर या विद्यार्थ्यानं स्वतःच्या जबर उणे नंबरासाठी लेन्स घडवली आणि त्यावर प्रबंध लिहिला. ती सोसायला डोळ्यात कोकेन घालावं लागायचं, तरी अर्ध्या तासाच्या पुढं मजल जात नसे. पुढं त्यानं डोळ्यांचा नाद सोडून हाडांची डॉक्टरी पत्करली. मला त्याचं पूर्ण समजतं.

कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, प्राणवायू त्याला बाहेरच्या हवेतून घ्यावा लागतो. काच तो अडवायची. म्हणून १९४८मध्ये प्लास्टिकची चिमुकली लेन्स आली, १९६१च्या नाताळात प्रागमध्ये ओट्टो विख्टर्लेनं मुलाच्या खेळण्यातल्या सुट्या भागांचं यंत्र जुळवून मऊ लेन्स काढली, आणि मोठ्या लेन्स अडगळीत गेल्या. हवा आत जाऊ देणारं प्लास्टिक हाती आल्यावर १९८०च्या दशकात त्या पुन्हा बाहेर निघाल्या. म्हणजे अवघड डोळ्यांसाठी आधी काढलेली गोष्ट साध्या डोळ्यांनी पळवली आणि शंभरेक वर्षांनी आम्हाला परत मिळाली.

सोलापूरकर डोळ्याचं काही अवघड निघालं की हैदराबादची गाडी धरतो, मीही धरली. एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेच्या बाकांवर बसलं की आपल्या शंकूचं कौतुक करायची लाज वाटते. तिथं स्टीव्हन्स-जॉन्सन नावाच्या आजाराचे लोक भेटतात. साध्या गोळीची भयंकर रिॲक्शन येऊन त्यांचे अश्रूच आटलेले असतात, पापण्या आतून खरखरीत झालेल्या, प्रत्येक उघडझाप कॉर्निया खरवडणारी. त्यांना ही लेन्स दिसण्यासाठी लागते त्याहून जास्त डोळा उघडा ठेवता यावा म्हणून लागते. आतलं पाणी दिवसभर कॉर्निया भिजवत राहतं. माझ्या शेजारी काळा गॉगल लावून बसलेली एक कॉलेजातली मुलगी आतून बाहेर आली, खिडकीच्या उजेडाकडं तोंड करून उभी राहिली आणि आईला म्हणाली, ‘अम्मा, चल, आता बिर्याणी.’

लेन्स स्वस्त नाही. एका डोळ्याला बऱ्यापैकी मोबाइलचे पैसे जातात, शिवाय नीट बसेपर्यंत फेऱ्या. निळ्या दिव्यात हिरवा चमकणारा रंगाचा थेंब घालून पाण्याचा थर बघतात, कुठं टेकतेय, कुठं दाबतेय ते नोंदवतात, आणि मग त्या एका डोळ्यापुरती लेन्स बनून येते. माझी उजवी माझ्याच डाव्या डोळ्याला चालत नाही. तरी लोक विचारतात, ‘एक दिवस घालून बघू का?’

काढायला रबराचा छोटा प्लंजर असतो. ओला करून लेन्सच्या खालच्या कडेला चिकटवायचा, मधोमध नाही, आणि हळूच वर उचकटायचं. भाच्याला ही वस्तू फार आवडते. त्यानं एक फ्रिजच्या दाराला लावून पाहिला, एक स्वतःच्या कपाळाला. त्यानंतर आईनं मनावर घेतलं. आता एक प्लंजर माझ्या पर्समध्ये असतो, एक छापखान्याच्या खणात, आणि एक तिच्या दागिन्यांच्या डब्यात. तेवढ्यासाठी तिनं पाटल्या दुसरीकडं हलवल्या आहेत, कुठं ते मलाही सांगितलेलं नाही.