घरचा टीव्ही, वही आणि हातांचे सिनेमे

मागच्या वेळी लिहिलं होतं की आता काही महिने थ्रिलर आणि खुनाच्या सिरीज बंद, फक्त असे सिनेमे आणि डॉक्युमेंटऱ्या बघायच्या ज्यात माणूस काम करताना दिसतो. काम म्हणजे खरोखरचं, हातानं केलेलं. मागे पुस्तकांचं कपाट आणि बाजूला एक कुंडी ठेवून, खुर्चीत बसून स्वतःच्या कामाबद्दल बोलणारा माणूस नव्हे, तो प्रकार आता डोक्यात जायला लागलाय. तर वही बरीच भरलीये, आठवेल तसं टाकतो, क्रम लावत बसलो तर कधीच टाकणार नाही.

आधी सेटअपचं, कारण काहींनी विचारलं होतं. प्रोजेक्टर घेतला नाही. समोरच्या बिल्डिंगचा हॅलोजन थेट आमच्या हॉलमध्ये येतो आणि जाड पडदे लावायला घरातून परवानगी नाही, त्यामुळे टीव्हीच. पण टीव्ही कुठलाही असो, सेटिंगमध्ये जाऊन ते मोशन स्मूदिंग का काय असतं ते आधी बंद करा राव. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम्सचा असतो, टीव्ही आपल्या मनानं मधल्या फ्रेम्स बनवून घुसडतो आणि मग कितीही भारी कॅमेरामननं शूट केलेलं असलं तरी संध्याकाळची सासू-सुनेची मालिका चालू आहे असं वाटतं. आणि जुने सिनेमे ताणून पडदाभर करू नका, बाजूला काळे पट्टे राहिले तर राहू देत, 'संत तुकाराम'मधला पागनीसांचा तुकाराम आडवा सुटलेला बघवत नाही.

सुरुवात केली 'सेल्युलॉइड मॅन'पासून. शिवेंद्रसिंग डुंगरपूर यांची २०१२ ची फिल्म, पी. के. नायर यांच्यावर, म्हणजे पुण्याचं फिल्म अर्काइव्ह ज्यांनी उभं केलं ते. आता गंमत बघा, या फिल्ममध्ये खुर्चीत बसून बोलणारी माणसं भरपूर आहेत, एकापाठोपाठ एक मोठी नावं येतात, आणि तेवढा भाग मला जरा लांबला असंच वाटलं. पण नायर स्वतः जेव्हा रिळांच्या डब्यांमधून फिरतात, टॉर्च मारून बघतात, डबा उघडून रीळ हातात घेतात, तेव्हा नजर हलत नाही. कुठल्या सिनेमाच्या कितव्या रिळात कुठला सीन आहे हे त्या माणसाच्या डोक्यात होतं. लहानपणी ते सिनेमाची तिकिटं आणि वजनकाट्याची कार्डं जमवायचे म्हणे, ते ऐकून मी बायकोकडे सूचक नजरेनं बघितलं, तिनं माझ्या जुन्या तिकिटांच्या डब्याकडे त्याहून सूचक नजरेनं बघितलं.

यात एक आकडा आहे तो बसून राहतो. आपल्याकडे मूकपट बनले साधारण १,७००, त्यातले पूर्ण म्हणावेत असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरलेत. बाकीचे आगीत गेले, सडले, काहींमधली चांदी काढून विकली गेली. फाळक्यांचा १९१९ चा 'कालिया मर्दन' आज बघता येतो, ज्यात त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झालीये, तो नायरांनी फाळक्यांच्या नोंदींवरून तुकडे जुळवत परत उभा केला म्हणून. आणि कर्नाटकातल्या हेग्गोडूचा भाग बघाच, गावातली शेतकरी माणसं जगभरच्या सिनेमांबद्दल अशा सहजपणे बोलतात की आपल्याकडच्या फिल्म फेस्टिव्हलच्या रांगेतल्या चर्चा पोकळ वाटायला लागतात.

त्याच्या जोडीला लगेच 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' बघितली आणि माझ्या मते हाच क्रम बरोबर आहे, आधी रीळ जपणारा आणि मग रीळ चालवणारे. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांची, २०१६ ला कान फिल्म फेस्टिव्हलला गेली होती. आपल्या महाराष्ट्रातल्या तंबू टॉकीजवर आहे. जत्रेत ट्रक लागतो, तंबू उभा राहतो, भोंग्यावरून ओरडणं चालू, पब्लिक बाहेर ताटकळलंय आणि रिळं अजून आलेलीच नाहीत. ज्यांनी लहानपणी जत्रेत तंबूच्या कनातीखालून घुसून सिनेमा बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको. माझे काका अजून सांगतात की पडद्याच्या मागच्या बाजूनं तिकीट स्वस्त असायचं आणि मग हिरो डावखुरा दिसायचा.

पण माझ्यासाठी ही फिल्म म्हणजे प्रकाश नावाचा प्रोजेक्टर दुरुस्त करणारा माणूस. काळवंडलेली बोटं, टेबलावर पसरलेले भाग, आणि तो एकेक भाग उचलून सांगतोय की हे कशासाठी आणि ते कशासाठी. त्यानं स्वतः डोकं लढवून एक प्रोजेक्टर बनवलाय, आतला गिअर तेलात बुडालेला राहतो, म्हणजे सारखं तेल घालायची कटकट नाही. तो हे सांगत असताना त्याच्या चेहऱ्यावर जे काही येतं ना, ते कुठल्याही ॲक्टरला जमणार नाही. आणि नेमकं त्याच काळात सगळं डिजिटल होतंय, जुनी मशिनं भंगारात चाललीयेत. दिग्दर्शक इथं रडारड करत नाहीत, हे फार आवडलं. नवीन डिजिटल मशीनसुद्धा अडतंच, पब्लिक बाहेर तसंच ओरडतं. यावर दुसऱ्या कुणी करुण सनई लावली असती.

संगीतावरून आठवलं, 'द एलिफंट व्हिस्परर्स' परत बघितली. कार्तिकी गोन्साल्विस यांची, २०२३ ला ऑस्कर मिळालं ती, मुदुमलाईची, बोम्मन-बेल्ली आणि रघू हत्ती. चाळीसेक मिनिटांची आहे, घरातल्या सगळ्यांना आवडते, मलाही आवडते, पण माझी तक्रार कायम आहे की जरा शांत बसा ना. हत्तीच्या पिल्लाला घास भरवताना, आंघोळ घालताना माणसाचे हात बघायला मिळतायत, तिथं पाणी ऐकू द्या, त्याचं फुरफुरणं ऐकू द्या, लगेच खालून गोड म्युझिक कशाला.

उलट उदाहरण 'ऑल दॅट ब्रीद्स'. शौनक सेन, २०२२. दिल्लीत वझिराबादला दोन भाऊ जखमी घारींवर उपचार करतात, घराच्या तळघरात, तिथंच बाजूला त्यांचा साबणाच्या डिस्पेन्सरचा धंदा. सुरुवातीलाच रात्रीच्या अंधारात उंदरांचा एक लांबच लांब शॉट आहे, आई उठून आतच गेली, ती परत आली घारी दिसल्यावर. इथं कॅमेरा घाई करत नाही. पंख तपासणारी बोटं, खोक्यात ठेवलेली घार, वर गळणारं छत, बाहेर गढूळ हवा, आणि शहरात काय वातावरण तापलंय ते फक्त कानावर पडत राहतं. एका सीनमध्ये घार येऊन त्यांच्या मदतनीस पोराचा चष्माच पळवते, आम्ही सगळे जाम हसलो, आणि पुढच्याच मिनिटाला परत पोटात गोळा. एक आहे, दृश्यं इतकी देखणी आहेत की कधीकधी वाटतं अरे हे जरा जास्तच जमवून आणलंय, पण ते माफ.

आता 'जिरो ड्रीम्स ऑफ सुशी', २०११, डेव्हिड गेल्ब. टोकियोत गिन्झाच्या सबवे स्टेशनात दहा खुर्च्यांचं हॉटेल, जिरो ओनो तेव्हा पंच्याऐंशीचे. ऑक्टोपस पाऊण तास मळायचा, शिकाऊ पोरानं अंड्याचा एक पदार्थ दोनशेच्या वर वेळा करायचा तेव्हा कुठं म्हातारा म्हणणार की हां, आता झाला. हे सगळं भारीच आहे. पण मला खरा सिनेमा दिसला तो थोरल्या मुलात, योशिकाझूत. पन्नाशीचा माणूस, सकाळी सायकलवरून मासळीबाजारात जातो, सगळं करतो आणि नाव वडिलांचं. शेवटाकडे कळतं की हॉटेलांना स्टार देणाऱ्या मिशेलिनचे परीक्षक आले तेव्हा सुशी त्यानंच वळली होती, आणि दिग्दर्शक हे एका वाक्यात उरकून परत स्लो मोशन माशाकडे वळतो! त्याच गेल्बनं पुढे 'शेफ्स टेबल' काढलं आणि तेव्हापासून प्रत्येक खाण्याच्या डॉक्युमेंटरीत मीठ चार तास हवेतून खाली पडत असतं.

आणि या सगळ्यावर उतारा म्हणून चैतन्य ताम्हाणेंचा 'द डिसायपल'. डॉक्युमेंटरी नाही पण या यादीत तो पाहिजेच. व्हेनिसला २०२० मध्ये पटकथेचं बक्षीस मिळालं होतं. वर लिहिलेल्या बहुतेक फिल्म्समध्ये मेहनतीला काहीतरी फळ येतं, निदान आदर तरी मिळतो. यातला शास्त्रीय गाणं शिकणारा शरद नेरुळकर मात्र वर्षानुवर्षं रियाज करतो, गुरुजींची सेवा करतो, पाय चेपतो, औषधपाणी बघतो, रात्री रिकाम्या रस्त्यावर बाईक चालवत हेडफोनमध्ये गुरुजींच्या गुरू माईंची भाषणं ऐकतो, आणि तरीही गाणं येत नाही. म्हणजे येतं, पण ते येत नाही. शरद झालेला आदित्य मोडक स्वतः गायक, गुरुजी झालेले अरुण द्रविड जयपूर-अत्रौली घराण्याचे गायक, त्यामुळे मैफलीत कॅमेऱ्याला लपवाछपवी करावी लागत नाही, तो मागे लांब उभा राहून सलग बघत बसतो. तान घेताना शरदची मान कुठं आखडते ते दिसतं. माईंचा आवाज सुमित्रा भावेंचा आहे, आणि तो इतका ठाम आहे की पहिल्यांदा बघताना मीही त्या भाषणांच्या नादी लागलो होतो. या वेळी मात्र ऐकताना राग येत होता, की या पोराला कुणीतरी सांगा रे, एवढं सगळं सोडून द्यायची गरज नाहीये. मेहनतीच्या गोष्टी बघताना आपण फक्त पोचलेल्यांच्याच बघतो, हा एकच सिनेमा मला माहितेय जो न पोचलेल्याच्या शेजारी एवढा वेळ बसतो. आईचं मत: "एवढं गायला लावलंत त्याला, एकदा तरी नीट जेवायला घालायचं."

जुन्यापैकी फक्त प्रभातचा 'संत तुकाराम' झाला, १९३६, दामले-फत्तेलाल. प्रिंट ऑनलाइन मिळते ती बरी नाहीये, आवाज फाटतो, तरी बघा. सगळे पागनीसांबद्दल बोलतात, मी म्हणतो गौरीबाईंची आवली बघा. आजारी पोराला ओढत देवळात शिरते आणि हातातली वहाण विठोबावर उगारते, आणि त्यात पावित्र्यबिवित्र्य काही नाही, घरात दाणा नसलेली बाई आहे ती. संसाराचं सगळं काम या सिनेमात तीच करते, देव नवऱ्याला भेटतो. आणि 'आधी बीज एकले' अजूनही लोक गाथेत शोधतात, ते शांताराम आठवल्यांचं आहे.

'परफेक्ट डेज' पण झाला, कोजी याकुशो टोकियोतली सार्वजनिक संडासं घासतो तो. सुंदरच आहे, पण संडास जरा जास्तच चकचकीत आहेत, आपल्या एसटी स्टँडवर दिग्दर्शक विम वेंडर्सला आठवडाभर शूट करायला आणा आणि मग बोलू.

पुढचं. 'जय भीम कॉम्रेड' ही डॉक्युमेंटरी बाकी आहे, आनंद पटवर्धनांनी चौदा वर्षं शूट केलेली, तीन तासांच्या वर जाते, तिला सुट्टीचा अख्खा दिवस ठेवलाय कारण मधे पॉझ करून भाजी आणायला जायचं असं मला करायचं नाहीये. आणि 'कालिया मर्दन'ची ऑनलाइन जी कॉपी आहे तिचा स्पीड जरा जास्त वाटतोय, कृष्ण तुरुतुरु पळतो, तर प्लेअरमध्ये किती हळू करून बघितला की चाल नैसर्गिक दिसते ते कुणी करून बघितलं असेल तर सांगा, मी ०.७५ वर ट्राय करतोय.