एकाच विमानातले निवासी आणि अनिवासी

नवरा-बायको 12 जून 2024 ला एकाच विमानाने म्युनिकला गेले. आयकराच्या हिशेबात त्या वर्षासाठी नवरा अनिवासी ठरतो आणि बायको, माझ्या मते, निवासी. प्रकरण अजून डोक्यातून गेलेलं नाही. घरच्यांसोबत परदेशी जाऊन इथलीच नोकरी लॅपटॉपवर चालू ठेवणारे हल्ली बरेच दिसतात, म्हणून सविस्तर लिहितो.

नवऱ्याला तिथे नोकरी लागली होती, ब्लू कार्ड, म्हणजे कुशल परदेशी कर्मचाऱ्यांसाठीचा युरोपीय परवाना, मिळालं होतं. ती पुण्याच्या आयटी कंपनीत. मॅनेजरने तोंडी सांगितलं, काम तिकडून कर. व्हिसाची अडचण नव्हती, कारण ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला तिथे काम करायची मुभा असते. पगार पूर्वीसारखाच पुण्याच्या बचत खात्यात, पीएफ आणि टीडीएस कापून. तिचं रिटर्न मी भरतो. फॉर्म 16, म्हणजे कंपनीचा पगार-टीडीएसचा दाखला, पाठवून तिने विचारलं, "सर, रिफंड किती येईल? आणि पगार पुण्यात जमा होतो, मग जर्मनीचा काय संबंध?"

संबंध आहे, आणि तो खात्याशी नाही. काम करताना माणूस कुठे बसला होता, हे पाहिलं जातं.

आधी दिवस मोजले. 1 एप्रिल ते 12 जून म्हणजे 73 दिवस. वर्षात 182 दिवस भारतात असलात तर निवासी, हे बहुतेकांना माहीत असतं. दुसरी अट माहीत नसते: वर्षात 60 दिवस आणि मागच्या चार वर्षांत मिळून 365 दिवस भरले, तरीही निवासीच. भारतीय नागरिक परदेशातल्या नोकरीसाठी देश सोडत असेल, तर त्या 60 च्या जागी 182 धरतात. नवरा या सवलतीत सरळ बसतो. ती बसते का? एका मित्राचं म्हणणं, ती तिथे बसून नोकरीच करते, मग बसते. मला हे कच्चं वाटतं. ती गेली संसारासाठी. नोकरी पुण्याचीच, ती फक्त सोबत नेली.

निवासी ठरली, तर जर्मनीत बसून मिळवलेला पगारही इथे करपात्र. अनिवासी मानलं तरी सुटका नव्हती. अनिवासी माणसाचं उत्पन्न भारतात हातात पडलं, तर ते इथे करपात्र होतं, आणि पगार तर थेट पुण्यात जमा होत होता. दोन्ही वाटा शेवटी, एकाच उत्पन्नावर दोनदा कर टाळणाऱ्या भारत-जर्मनी करारापाशीच येतात. दोन्ही देश निवासी म्हणत असतील, तर करार आधी कायमचं घर कुठे आहे ते बघतो. पुण्याचा भाड्याचा फ्लॅट त्यांनी सोडला होता, त्यामुळे पारडं जर्मनीकडे झुकलं. पुढे दुसरं एक कलम सांगतं की नोकरीचा पगार जिथे काम झालं तिथे करपात्र. म्हणजे 12 जूनपर्यंतचा पगार भारताचा, पुढचा जर्मनीचा.

कागदावर हे सोपं, पुराव्यात कठीण. फॉर्म 16 वर वर्षाचा एकच आकडा असतो. कोणत्या तारखेपर्यंत कुठून काम केलं, असं पत्र मी एचआरकडे मागितलं, तर टोलवाटोलवी सुरू झाली. कर्मचारी जर्मनीत बसून काम करत होती हे लिहून दिलं, की तिथल्या सामाजिक विम्याचे आणि कंपनीच्या तिथल्या आस्थापनेचे, म्हणजे कंपनीचा धंदाच तिथे चालतो असं धरून तिला कर लागेल का, असे प्रश्न उभे राहतात. तोंडी परवानगी देताना हा विचार कोणी केला नव्हता, आणि त्याचा भुर्दंड कर्मचाऱ्याने का सोसायचा, याचं उत्तर त्यांच्याकडे नाही.

दुसरा कागद जर्मन कर कार्यालयाचा निवास दाखला. त्याशिवाय कराराचा लाभ नाही. सोबत इथे ऑनलाइन फॉर्म 10एफ, म्हणजे करारासाठी स्वतःची माहिती देणारा अर्ज. तिथलं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च, म्हणून दाखला 2024 आणि 2025 अशा दोन्ही वर्षांचा लागतो. एकाच वर्षाचा आणलात, तर जानेवारी ते मार्चचा पगार उघडा पडतो.

निवासी म्हणून भरायचं ठरल्यावर रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचा तक्ता आलाच. नवऱ्यासोबतचं संयुक्त जर्मन खातं त्यात दाखवलं. हे लपवलं, तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली 10 लाखांचा दंड आहे. एकूण 20 लाखांपर्यंतच्या, स्थावर सोडून इतर मालमत्तेला ऑक्टोबर 2024 पासून दंडातून सूट आहे, पण नोंद करायचीच.

बँकेचा घोळ वेगळाच. फेमाची, म्हणजे परकीय चलन कायद्याची, व्याख्या आयकरापेक्षा निराळी: अनिश्चित काळासाठी राहायला बाहेर गेलात, की त्या दिवसापासून अनिवासी. म्हणजे आयकराला ती निवासी, फेमाला अनिवासी. बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं रुपयातलं खातं, करून घ्यायला हवं होतं. ते न करता ती दरमहा बँकेच्या अ‍ॅपवरून परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली (एलआरएस) म्युनिकला पैसे पाठवत होती. त्या अर्जात 'मी भारतात निवासी आहे' अशी घोषणा असते, अ‍ॅपवर एका टिचकीत होते, आणि वाचत कोणीच नाही. ही योजना निवासींपुरतीच. एनआरओमधून पैसे नेता येतात, वर्षाला 10 लाख डॉलरपर्यंत, पण 15सीए (पाठवणाऱ्याची घोषणा) आणि 15सीबी (सीएचा दाखला) करून.

सर्वांत महाग पडेल असं मला वाटतं ते मात्र आरोग्य विम्याचं. ती नवऱ्याच्या सरकारी विम्यात मोफत कुटुंब सदस्य म्हणून होती. त्यासाठी स्वतःचं उत्पन्न 2024 मध्ये महिना 505 युरोच्या, 2025 मध्ये 535 युरोच्या आत लागतं. रुपयातला पगारही उत्पन्नच, आणि तिचा पगार या मर्यादेच्या बराच वर होता. आता मागचे हप्ते भरावे लागतील.

पीएफ चालू आहे म्हणून तिथला सामाजिक विमा टळेल, अशी तिची आशा होती. सामाजिक सुरक्षेच्या वेगळ्या भारत-जर्मनी करारात तशी सोय आहे, पण कंपनीने पाठवलेल्या कर्मचाऱ्यांसाठी, तेही ईपीएफओचा, म्हणजे पीएफ कार्यालयाचा, दाखला असेल तर. हिला कंपनीने पाठवलेलं नाही.

रिटर्न भरलं आहे. 12 जूननंतरचा पगार कराराखाली वगळून दाखवला आणि टीडीएसचा परतावा मागितला. 2025 चा निवास दाखला अजून यायचा आहे. एचआरचं पत्र आलं, पण त्यात तारखा आहेत आणि देशाचं नाव नाही, म्हणून ते परत पाठवलं आहे.