डाव्या हाताची गोष्ट

काल लेकाच्या बेसबॉल प्रॅक्टिसहून आल्यापासून डोकं भणभणायलंय, म्हणून लिहायला बसलो.

पोरगं नऊ वर्षांचं, माझ्यासारखंच डावखुरं. कोचने टीवर, म्हणजे रबरी दांड्यावर, बॉल ठेवून त्याला दहा-बारा फटके मारू दिले, तोंडातून शब्द काढला नाही. अंगणात माझ्यासोबत क्रिकेट खेळून खेळून हा खालचा बॉल मस्त उचलतो, पण छातीजवळचा आला की बॅट खालूनच निघून जाते. मी जाळीमागून ओरडलो, "कोपर वर कर!" कोच जवळ येऊन हळूच म्हणाला, कोपर वर केलं की याचा खांदा आवळतो, आणि खालचा बॉल येतोय तो मोडायचा नाही, वरचा तेवढा शिकवू. टी छातीपर्यंत चढवली, बस्स. शेजारच्या उंच पोरीला मात्र वेगळंच, पाय उचलू नको, नुसती टाच उचल, कारण तिचा पुढचा पाय टेकेपर्यंत बॉल निघून जायचा. इथं अमेरिकेत लहान मुलांना ४६ फुटांवरून बॉल टाकतात, वेळच किती मिळतो! बेसबॉलचे मोठे खेळाडू बघा, अॅरन जज ६ फूट ७ इंच, होझे अल्तुवे ५ फूट ६, आणि स्ट्राइक झोन, म्हणजे ज्या पट्ट्यातला बॉल सोडला तरी बॅटरच्या विरुद्ध धरतात तो, ज्याच्या-त्याच्या उंचीवर ठरतो, मग सगळ्यांना एकच धडा कसा देणार?

मला परभणीतल्या आमच्या क्रिकेटच्या सरांनी उजवा केला. डावा आला की फिल्डिंग बदला, लाइन बदला, वेळ जातो म्हणून. दोन वर्षं मी उजव्याने खेळलो, बॉल दिसायचा पण हात पोचायचा नाही, दहावीला सोडून दिलं. तरी सरांना कुणी नावं ठेवू नका. चाळीस लेकरं, एक नेट, मॅटिंग फाटलेली, सीझन बॉल स्वतःच्या खिशातून आणायचे आणि पहाटे साडेपाचला सगळ्यांच्या आधी हजर. इथं बारा पोरांमागं तीन कोच आहेत, बघायला वेळ मिळणारच की. आणि मीही अभ्यासाला लागलो म्हणूनच आज इथं आहे.

पण बेसबॉलमध्ये डाव्या बॅटरला पहिला बेस, म्हणजे बॉल मारून आधी जिथं पळायचं ती जागा, दोन पावलं जवळ पडतो, इथं डावरा असणं फायद्याचं धरतात, हे कोचने सांगितलं तेव्हा आतून काहीतरी हललं.

सगळे गेल्यावर टीवर बॉल ठेवला आणि तीस वर्षांनी डाव्या बाजूने उभा राहिलो. दोन हुकले. तिसरा जाळीवर जाऊन आदळला, तळहात अजून झणझणायलाय.